आकलन समितीच्या बारा गाद्या

कोणतेही सत्य नीट समजून घेतल्यावाचून मान्य करू नये, आणि ते मान्य करणे भाग पडेल इतक्या घाईने समजूनही घेऊ नये, या दोन स्तंभांवर सुसंस्कृत समाजाची वास्तू उभी असते. (तिचे छप्पर कशाचे आहे, हा प्रश्न प्रस्तुत कथेच्या कक्षेत येत नाही.) या तत्त्वाचा आदर्श पाहावयाचा असेल, तर ज्या गावात अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना होता त्या गावच्या 'संबंध आकलन समिती'कडे पाहावे. इतके खोल, इतके संथ आणि इतके निरुपद्रवी आकलन अन्यत्र क्वचितच आढळेल.

प्रथम त्या द्रव्याविषयी दोन शब्द. अ‍ॅस्बेस्टॉस हा वस्तुतः खडक; परंतु पिंजला की तो कापसासारखा होतो. तो जळत नाही, कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. ही लक्षणे एरवी आत्म्याची म्हणून सांगितली जातात. कारखान्याने ती पोत्यांत भरून वजनावर विकली. त्याचे पत्रे झाले, नळ झाले, नाट्यगृहांचे न जळणारे पडदे झाले, आणि वाफेच्या नळ्यांवर गुंडाळायची वेष्टने झाली. त्याचा तंतू इतका सूक्ष्म की धुळीत तो आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि इतका चिवट की एकदा छातीत शिरल्यावर शरीराला तो विरघळवता येत नाही. फुप्फुसांभोवती जे पातळ अस्तर असते तेथवर तो जातो आणि मुक्काम करतो. वीस, तीस, कधी चाळीस वर्षे तो कोणाला काही म्हणत नाही. मग एके दिवशी जिना चढताना माणसाला धाप लागते, छातीत पाणी साचते, आणि ज्या अस्तराचे अस्तित्वही त्याला ठाऊक नव्हते तेथे मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग झाल्याचे त्याला सांगण्यात येते.

असा अबोल, संयमी आणि दीर्घदृष्टीचा रोग दुसरा नसेल. समितीने त्याच्याकडून पुष्कळ शिकून घेतले.

समिती स्थापन झाली ती कारखान्यात वेष्टने गुंडाळणारे कामगार एकामागून एक धापा टाकू लागले तेव्हा. 'तंतू आणि रोग यांच्यातील संबंध समजून घेणे' एवढे एकच काम तिच्यावर सोपवले होते. पहिल्याच बैठकीस छातीच्या रोगांच्या डॉक्टरांना पाचारण करण्यात आले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले की, हा रोग झालेल्या बहुतेकांच्या गतायुष्यात कोठे ना कोठे हा तंतू सापडतो. विडी-सिगारेटला यात दोष देता येत नाही. नवऱ्याच्या कपड्यांवरून घरी आलेली धूळसुद्धा पुरते. आणि किती धूळ निर्धोक, याचे माप जगात कोणाला सापडलेले नाही. चहा निवण्यापूर्वीच हे निवेदन संपले. समिती अत्यंत प्रभावित झाली. तिने डॉक्टरांची, हेच निवेदन प्रत्येक बैठकीत करण्यासाठी, तहहयात नेमणूक केली.

मताधिकार मात्र त्यांना दिला नाही. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, तो निःपक्षपाती कसा राहणार? खुर्चीही दिली नाही, कारण खुर्च्या मताधिकाऱ्यांपुरत्याच होत्या. डॉक्टर सर्व बैठकांत खिडकीला टेकून उभे राहत. (ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. ते यथावकाश कळेल.)

मताधिकारी बारा होते आणि त्यांच्या खुर्च्याही बारा. प्रत्येक खुर्चीवर मखमली खोळीची जाड गादी असे. या गाद्यांचे कौतुक गावभर होते. किती वर्षे झाली तरी त्या दबल्या नाहीत, त्यांत ढेकूण झाले नाहीत, आणि अध्यक्षांच्या सिगारेटची ठिणगी पडून खोळीला भोके पडली तरी आतले भरण काळवंडलेदेखील नाही. सदस्य उठत तेव्हा त्यांच्या विजारींच्या मागे किंचित पांढरे लागलेले असे. ते भिंतीच्या चुन्याचे असणार, असा सर्वांचा समज होता. घरोघरी सदस्यांच्या पत्नी त्या विजारी दाराबाहेर झटकीत आणि भिंतीला टेकत जाऊ नका म्हणून बजावीत. सदस्य शपथेवर सांगत की आपण भिंतीला कधीही टेकलो नाही. या विषयावर काही संसारांत कायमचे मतभेद झाले. परंतु तो संबंध समजून घेण्याचे काम समितीकडे नव्हते.

आता मतदानाची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा अनर्थ तिच्यातून उद्भवला. हात वर करून मत देणे समितीस बालिश वाटे. अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, बैठकीच्या शेवटी धीरगंभीर स्वरात म्हणत, "संबंध ज्यांना मान्य आहे, त्यांनी उभे राहावे." मग क्षणभर शांतता पाळली जाई. सर्व सदस्य बसलेले असत. सचिव टेबलाच्या दोन्ही बाजूंना दृष्टी फिरवून "शून्य" असे म्हणत, आणि चहा येई. उभा राहिलेला सदस्य, ठराव वाचून पुरा होण्याआधी आपल्याच खुर्चीवर पुन्हा बसला, तर त्याने मत मागे घेतले असे समजावे, असाही एक उपनियम होता. तो वापरण्याची वेळ कधी आली नव्हती, कारण कोणी उठलेच नव्हते.

समिती स्वस्थ बसली होती, असा मात्र गैरसमज नसावा. तिच्या एका वार्षिक अहवालाचे सार येथे देण्याजोगे आहे:

विषय समजलेले सदस्य: सर्व.
विषय पूर्णपणे समजलेले सदस्य: सर्व.
विषय समजून व्यथित झालेले सदस्य: सर्व (दोघे विशेष व्यथित).
संबंध मान्य असलेले सदस्य: एकही नाही.
पुढील वर्षीचे उद्दिष्ट: आकलन अधिक सखोल करणे.

शिवाय रोगाच्या नावाचा प्रश्न होता. आपल्या भाषेत ज्याला नाव नाही, ते आपल्या ठरावात कसे लिहावे, असा आक्षेप समितीचे एक सदस्य असलेल्या भाषापंडितांनी घेतला होता. पंडितजी व्युत्पन्न गृहस्थ. त्यांनी 'फुप्फुसावरणार्बुद' सुचवले आणि स्वतःच फेटाळले, कारण हा रोग पोटाच्या अस्तरालाही होतो. 'मध्यास्तरार्बुद' त्यांना कानाला कठोर लागले. 'अन्तःपटलदुष्टार्बुद' या शब्दावर ते दोन वर्षे प्रसन्न होते. पुढे वृत्तपत्राच्या एका वाचकाने तो पडद्यामागच्या नटाचा आजार वाटतो असे लिहिले, तेव्हा त्यांनी तोही मागे घेतला. परिणामी ठरावाच्या मसुद्यात रोगाच्या जागी एक लांब रिकामी रेघ होती, आणि ती रेघ वर्षानुवर्षे अत्यंत सुवाच्य अक्षरात पुन्हा पुन्हा उतरवली जाई.

पुढे एका वर्षी समितीचे बारावे सदस्य वारले. छातीत पाणी झाले होते. समितीने शोकठरावात या निधनाचे वर्णन 'आकस्मिक व अनाकलनीय' असे केले. त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि त्या खुर्चीमुळेच कथेत शिलाईमावशींचा प्रवेश झाला.

शिलाईमावशींना हे नाव त्यांच्या धंद्यावरून पडले होते. कारखान्यामागच्या गल्लीत त्यांचे शिवणाचे यंत्र एका खिडकीत असे. यजमान कारखान्यात नळ्यांवर वेष्टने गुंडाळीत. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरे असत. मावशी त्यांचा सदरा मागच्या दारी झटकीत, आणि त्यांची लहान मुलगी बापाच्या पाठीवरच्या पांढऱ्यात बोटाने अक्षरे गिरवी. पाटी विकत घ्यावी लागली नाही, असे यजमान कौतुकाने सांगत. कारखाना उदार होता. रिकामी झालेली पोती तो कामगारांच्या कुटुंबांना भेट म्हणून देई, आणि मावशी त्यांची पायपुसणी, पिशव्या, पडदे, पोरीची गोधडी असे काय वाटेल ते शिवीत. मुलगी पोते उलटे करून झटकून देण्याइतकी मोठी झाली तेव्हा ते काम तिच्याकडे आले. यजमान पुढे धापा टाकीत गेले. त्यांच्या मृत्यूचे कारण 'वय' असे लिहिले गेले. (त्यांचे वय अध्यक्षांच्या त्या वेळच्या वयाहून बरेच कमी होते, परंतु वय हे व्यक्तिपरत्वे बदलते.)

आता मावशींच्या छातीत पाणी झाले होते. डॉक्टरांनी ते दोनदा काढले आणि समितीपुढे खिडकीशी उभे राहून ज्या स्वरात बोलत त्याच स्वरात त्यांना खरे ते सांगितले. मावशींनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "पोरीचं काय?" डॉक्टर म्हणाले की पोरीला कदाचित काहीही होणार नाही; पण तंतू तिच्याही छातीत गेलेला असणार, तेव्हा दर वर्षी तिची तपासणी व्हावी. कारखान्याच्या रुग्णालयात त्यासाठी एक कक्ष आहे, मात्र ज्यांच्या बाबतीत समितीने संबंध मान्य केला आहे त्यांच्यासाठीच. तोवर तो कक्ष स्वच्छ, सुसज्ज आणि रिकामा होता.

मावशींनी अर्ज केला. स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितले नव्हते. मुलीची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, एवढेच. समितीने अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला आणि पुढील त्रुटी काढल्या:

एक, अर्जदार ही कारखान्याची कामगार नव्हती, त्यामुळे तिला कामगारांचा रोग होणे नियमबाह्य आहे.

दोन, घर हे कार्यस्थळ नसल्याने घरातील धूळ ही कारखान्याची धूळ राहत नाही. ती उंबरठा ओलांडताच कुटुंबाची खाजगी बाब होते.

तीन, तंतूशी संपर्क आल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करणे आवश्यक होते. रोग तीस वर्षांनी प्रकट झाला, हा रोगाचा विलंब असून त्याची जबाबदारी रोगावर राहील.

चार, ज्या पोत्यांचा उल्लेख आहे त्यांचा नमुना अर्जदाराने जोडलेला नाही.

सुनावणीच्या दिवशी मुलगी आईला घेऊन आली. मुलगी टपाल कार्यालयात पत्रे वेगळी करण्याचे काम करी आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या गोष्टी परत आणण्याचा तिला सराव होता. समितीचे सभागृह वरच्या मजल्यावर होते. (धाप लागणाऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी ते मुद्दाम वर बांधले, हा आरोप खोटा आहे. ते सहज वर बांधले गेले.) जिन्यात मावशी तीन वेळा टेकल्या. अर्जदारांसाठी एक लाकडी बाक होते. त्यावर त्यांना धड बसवेना. तेव्हा सचिवांनी, जे मनाने चांगले होते आणि नियमांनीही चांगले होते, अध्यक्षांच्या अनुमतीने त्यांना बाराव्या सदस्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसवले. 'ही सवलत असून हक्क नव्हे', अशी नोंदही तत्काळ घेतली.

डॉक्टरांनी आपले निवेदन केले. सदस्यांनी ते, एखादे आवडते पद पुन्हा ऐकावे तसे, डोळे मिटून ऐकले. अध्यक्षांनी चारही त्रुटी वाचून दाखवल्या. विशेषतः चौथीवर त्यांनी भर दिला. नमुना असता तर गोष्ट वेगळी होती, असे ते खेदाने म्हणाले. मावशींना काही म्हणायचे आहे काय, असे विचारले तेव्हा मावशी खोळीच्या काठावरून बोट फिरवीत होत्या. त्यांचे लक्ष नव्हते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आणि नित्याप्रमाणे म्हटले,

"संबंध ज्यांना मान्य आहे, त्यांनी उभे राहावे."

शांतता पसरली. त्या शांततेत मावशी मुलीशी हळूच बोलल्या. पण सभागृहाची रचना उत्तम असल्याने ते सर्वांना ऐकू गेले.

"अगं, ही गादी माझ्या हातची आहे."

"कुठली, आई?"

"हीच. सगळ्याच. ही दुहेरी टीप बघ. मखमल वरून आहे, आत आपली पोतीच. भरणही कारखान्यातलंच, वेष्टनाचं उरलंसुरलं. कारखान्याचे तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, अध्यक्ष सिगारेट ओढतात, गादी पेटायला नको." मग त्यांनी शिंपिणीच्या नजरेने टेबलाभोवती पाहिले आणि त्यांच्या स्वरात थोडा ओशाळेपणा आला. "बघ, सगळ्यांच्याच उसवल्यात. पांढरं बाहेर येतंय."

अकराही सदस्य उभे राहिले.

समितीच्या इतिहासात इतक्या तत्परतेने काही घडले नव्हते. पंडितजी तर वयाच्या मानाने विस्मयकारक वेगाने उठले. सचिवांनी सवयीप्रमाणे टेबलाच्या दोन्ही बाजूंना दृष्टी फिरवली आणि त्याच सपाट स्वरात म्हटले, "अकरा. एकमताने."

अध्यक्षांनी सचिवांना सांगितले की हे मतदान नव्हे. आम्ही नुसते उठलो आहोत. सचिव नम्रपणे म्हणाले की प्रस्ताव मांडल्यानंतर उठण्याला नियमांत एकच अर्थ दिलेला आहे. दुसऱ्या कारणाने उठला असाल तर ते कारण नोंदवावे लागेल. अध्यक्ष म्हणाले, "लिहा, गादीत काय आहे ते कळल्यामुळे." सचिवांनी लिहायला घेतले आणि विचारले, "गादीत जे आहे त्याने काय होतं म्हणून, साहेब?"

अध्यक्षांनी त्यांना लेखणी थांबवण्याची खूण केली. ते निवृत्त असले तरी न्यायाधीश होते, आणि हा जिना कोठे उतरतो ते त्यांना दिसले. भीतीमुळे उठलो म्हणावे, तर भीती कशाची ते सांगावे लागते; ते सांगितले की संबंध मान्य होतो. भीती नव्हती म्हणावे, तर खाली बसायला हरकत नसावी. एका सदस्यांनी पाय मोकळे करण्यासाठी उठलो असे नोंदवण्याची सूचना केली. अकरा जणांचे पाय एकाच क्षणी अवघडणे हीदेखील एक साथ असून तिचे कारण शोधावे लागेल, असे डॉक्टर खिडकीजवळून म्हणाले. त्यांना मताधिकार नसल्याची आठवण करून देण्यात आली.

उपनियम आता सर्वांनाच आठवला. ठराव वाचून पुरा होण्याआधी आपापल्या खुर्चीवर बसले, की झाले. अध्यक्षांनी डॉक्टरांना आपुलकीने विचारले की इतकी वर्षे बसलो, आणखी एकदा बसल्याने असा काय फरक पडणार. डॉक्टर म्हणाले, "निर्धोक माप कोणालाच ठाऊक नाही, साहेब. पहिल्या बैठकीपासून सांगतोय." अध्यक्ष म्हणाले की हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकले आहे, पण ते इतके व्यक्तिगत आहे हे लक्षात आले नव्हते.

मग एका सदस्यांना मोठा आधार सापडला. अर्जदार बाई स्वतः अजूनही गादीवर निवांत बसल्या आहेत, याकडे त्यांनी सभेचे लक्ष वेधले. ज्या अर्थी खुद्द तक्रारदाराला गादीची भीती वाटत नाही, त्या अर्थी गादी निर्दोष आहे. हा पुरावा नोंदवून घ्यावा. अनेक माना डोलल्या.

"माझं झालंय, साहेब," मावशी म्हणाल्या. "मी कुठंही बसले तरी सारखंच."

पण पुरावा नोंदवला जात आहे हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, टेबलाची कड धरली, आणि एकेक श्वास सुट्या नाण्यासारखा जपून खर्च करीत त्या उभ्या राहिल्या. आता सभागृहात सगळेच उभे होते, बारा रिकाम्या खुर्च्यांभोवती, जणू गाद्यांच्या आतून कोणी बाहेर येण्याची वाट पाहत.

"साहेब, थोडा वेळ असेच उभे राहा," मावशी म्हणाल्या. "मला नका काही देऊ. पोरीला वर्षातून एकदा बघितलं पाहिजे, एवढंच. ते वाचून होईपर्यंत उभे राहा."

कोणी बसले नाही. हे नमूद केले पाहिजे. सचिवांनी ठराव वाचण्यास आरंभ केला. हा मजकूर त्यांनी असंख्य वेळा उतरवला असला तरी मोठ्याने कधी वाचला नव्हता. "ही समिती असे मान्य करते की, अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आणि..." येथे ते थांबले. पुढे लांब रेघ होती.

सर्वांनी पंडितजींकडे पाहिले.

डॉक्टरांनी मेसोथेलिओमाच लिहा अशी विनवणी केली. पंडितजींनी मान हलवली. परभाषेतील शब्द ठरावात घालण्यास समितीनेच मागे मनाई केली होती, त्यांच्याच सूचनेवरून. ते व्याकूळ झाले होते, यात संशय नाही. एका शब्दावर सारे अडले होते आणि तो शब्द देणे हेच त्यांच्या आयुष्याचे कार्य होते.

"गुरुजी, आमच्या गल्लीत याला पांढरा दम म्हणतात," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांना कळतं."

पंडितजींच्या मुखावर क्षणभर असा भाव आला, जणू दोन वर्षे हरवलेला चष्मा कपाळावरच सापडला. शब्द आटोपशीर होता, रोगाचे रूप सांगत होता, आणि ज्यांना तो होता ते त्याला त्याच नावाने हाक मारीत होते. परंतु विद्वत्ता अशी सहजी हार मानीत नाही. 'दम' हा फारशीतून आलेला, असे ते खिन्नपणे म्हणाले. संस्कृतात 'दम' म्हणजे इंद्रियनिग्रह. म्हणजे वाचणाऱ्याला हा श्वेतवर्णी संयमाचा काही प्रकार वाटेल. शब्द मार्मिक आहे, पण शास्त्रशुद्ध नाही. थोडा विचार करावा लागेल.

मावशींच्या ओठांवर निळसर छटा आली होती. मुलगी म्हणाली, "करा की विचार, गुरुजी. पण उभ्यानंच."

"बाळ, उभ्याने विचार होत नाही गं," पंडितजी म्हणाले. त्यांच्या या उद्गारात लबाडीचा लवलेश नव्हता. त्यांनी खिशातून स्वच्छ, घडीचा हातरुमाल काढला, तो गादीवर चारही कोपरे सारखे करून पसरला, आणि त्यावर बसले.

हातरुमालाची ही युक्ती कोणालाच सुचली नव्हती. बाकीच्या सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग दुसरा रुमाल निघाला, तिसरा निघाला. एका सदस्यांजवळ रुमाल नव्हता. शेजाऱ्यांनी आपला मोठा असल्याने अर्धा फाडून दिला. (संकटकाळी समितीत जी एकजूट दिसली, ती हृद्य होती.) सर्वांत शेवटी अध्यक्ष बसले. त्यांचा रुमाल रेशमी होता.

सचिवांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना दृष्टी फिरवली. मुलीने आईला सावरून बाकावर नेले. "शून्य," सचिव म्हणाले, आणि त्यांनी प्रथमच चहा घेतला नाही.

बैठक संपल्यावर सदस्यांनी आपापला हातरुमाल काळजीपूर्वक घडी करून खिशात घातला आणि घरी नेला. तेथे त्यांच्या पत्नींनी तो दाराबाहेर झटकून धुण्यात टाकला.

पुढच्या बैठकीत समितीने धडाडीने निर्णय घेतले. सर्व सदस्यांची, त्यांच्या पत्नींची आणि घरी कपडे झटकणाऱ्या अन्य व्यक्तींची दर वर्षी तहहयात तपासणी कारखान्याच्या त्या सुसज्ज कक्षात व्हावी. ही केवळ खबरदारी असून तिच्यावरून कोणताही संबंध सूचित होत नाही. बारा गाद्यांना नव्या मखमली खोळी घालाव्यात. जुन्या गाद्या फेकू नयेत. त्या अर्जदाराने न जोडलेला नमुना असल्याने जतन कराव्यात, आणि जतन करण्याची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे जेथे त्या आहेत तीच. त्यांच्यावर बसून राहिल्यास धूळ उडत नाही, असे मत पडले. डॉक्टरांना प्रथमच खुर्ची देऊ करण्यात आली. त्यांनी आभार मानून उभे राहणे पसंत केले.

त्याच बैठकीत कळले की शिलाईमावशी वारल्या. समितीस मनापासून दुःख झाले. दिवंगतांसाठी उभे राहून स्तब्धता पाळण्याची रीत होती. परंतु उभे राहण्याचा अर्थ काय लावला जाऊ शकतो याचा ताजा अनुभव असल्याने श्रद्धांजली बसूनच वाहण्यात आली. पंडितजी डोळे मिटून बराच वेळ बसले. तो नवा शब्द त्यांना तेव्हाही सुचला नाही, किंवा जुना शब्द डोक्यातून जात नव्हता. दोन्हींपैकी काय, ते त्यांनी सांगितले नाही.

मुलीचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे. ती प्रत्येक सुनावणीला येते आणि लाकडी बाकावर बसते. आईसारखी बाराव्या खुर्चीवर बसली असती तर सदस्यांबरोबर तपासणीस पात्र ठरली असती, हे सचिवांनी तिला एकदा कानात सांगितले. त्यानंतरही ती बाकावरच बसते. अलीकडे जिना चढताना ती मध्ये एकदा थांबते. वयामुळे असेल. तिचे वय फारसे नाही; परंतु वय व्यक्तिपरत्वे बदलते, हे वर आलेच आहे.

आता उरले वाचक. समितीचा असा एक जुना नियम आहे की, ज्यास विषय संपूर्ण समजला तो आपोआप सदस्य मानला जातो. वाचकांस विषय समजला, यात शंका घेणे त्यांचा अपमान ठरेल. तंतू काय करतो, किती वर्षे वाट पाहतो, कोणाच्या कपड्यांवरून कोणाच्या छातीत जातो, हे सर्व त्यांनी या ओळीपर्यंत शांतपणे बसून समजून घेतले आहे. मुलगी बाकावर आहे. बारावी जागा रिकामी आहे. सचिवांनी दृष्टी वर उचलली आहे.

संबंध ज्यांना मान्य आहे, त्यांनी उभे राहावे.

(क्षणभर वाट पाहण्यात आली. वाचकांपैकी कोणीही उठले नाही, अशी नोंद करण्यात आली आहे. चहा येत आहे.)